आरागाँचं काय वाचावं?

प्रश्न: लुई आरागाँ या फ्रेंच कवीने बायकोवर आयुष्यभर प्रेमकविता लिहिल्या आणि स्टालिनचे गोडवेही गायले, असं वाचलं. यातलं खरं काय? आणि अशा माणसाचं वाचावं तरी काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर: दोन्ही खरं आहे. बावीस वर्षं मी पुण्यात फ्रेंच शिकवलं. आरागाँपाशी आलं की वर्गात कुणीतरी हेच विचारायचं.

जन्म १८९७चा, पॅरिसचा. जिला तो थोरली बहीण समजत होता तीच आपली आई, हे त्याला १९१७ साली कळलं, युद्धावर जायच्या तोंडावर. बाप पॅरिसचा माजी पोलीसप्रमुख. लग्नाबाहेरचं मूल, म्हणून घरच्यांनीच हे सोंग रचलेलं. अशा घरातून आलेला हा मुलगा १९२७ साली कम्युनिस्ट पक्षात गेला, पुढच्या वर्षी त्याला एल्सा त्रिओले भेटली, तीच पुढे त्याची बायको. पक्ष आणि एल्सा, दोघांनाही त्याने शेवटपर्यंत धरून ठेवलं, याचं मला नवल वाटत नाही.

स्टालिनच्या बाबतीत मात्र मी त्याला माफ करू शकत नाही. एल्सा मॉस्कोची. तिच्या बहिणीचा, लिलीचा, जोडीदार प्रिमाकोव्ह लाल सैन्यात मोठा अधिकारी होता. १९३७ साली स्टालिनच्याच राजवटीने त्याला गोळ्या घातल्या. म्हणजे आच थेट घरापर्यंत आली होती, तरी आरागाँची स्टालिनभक्ती सुटली नाही. १९६८ साली प्रागमध्ये रशियन रणगाडे शिरले तेव्हा तो उघड विरोधात गेला. त्याच्या साप्ताहिकाची सोव्हिएत देशातली वर्गणी तुटली आणि १९७२ साली ते बंद पडलं.

वाचायची ती १९५५ सालची मानुशियानवरची कविता. मिसाक मानुशियान आर्मेनियन, पॅरिसमध्ये नाझींशी लढणाऱ्या परदेशी कामगारांचा म्होरक्या. त्यांचे दाढी वाढलेले चेहरे नाझींनी लाल भित्तिपत्रकावर छापून भिंतीभिंतींवर डकवले होते, लोकांना भीती वाटावी म्हणून. २१ फेब्रुवारी १९४४ला त्याला गोळ्या घातल्या. त्याआधी त्याने बायकोला, मेलिनेला, पत्र लिहिलं: लग्न कर, मूल होऊ दे, जर्मन लोकांबद्दल माझ्या मनात द्वेष नाही. आरागाँने हे पत्र कवितेत ओवलंय. अख्ख्या कवितेत एक स्वल्पविराम नाही, त्यामुळे मोठ्याने वाचताना श्वास कुठे घ्यायचा ते आपलं आपल्याला ठरवावं लागतं. मला मेलिनेच्या नावापाशी दरवेळी थांबावं लागायचं.

लिओ फेरेने ती गायली आहे. आधी ऐका, मग वाचा.