वर्गात उभं राहण्याआधीचे दोन महिने

प्रश्न : गणितात पदवी झाली आहे. पदवीनंतरचा शिक्षक प्रशिक्षण अभ्यासक्रम दोन महिन्यांनी सुरू होईल. तोवर शिक्षणशास्त्राची पुस्तकं वाचून काढू का?

उत्तर : ती सध्या बाजूला ठेवा. मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि वायगॉट्स्की अभ्यासक्रमात भेटणारच आहेत. शाळेतलं गणित मात्र तिथे तुम्हाला येतं असंच धरून चालतात, आणि पदवीधराची पंचाईत इथेच होते: रीत हाताला बसलेली असते, कारण विसरलेलं असतं. अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे मोठ्याने सांगून पाहा. ‘तसा नियमच आहे’ एवढंच सुचलं, तर काम तिथून सुरू करा. पाऊणात अर्धे किती वेळा बसतात, असं विचारलं की दीड हे उत्तर काहीही उलटं न करता दिसतं.

शिकवायच्या सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं मिळवा. प्रत्येक प्रकरणातली शेवटची पाच उदाहरणं स्वतः सोडवा आणि वहीत तीन रकाने आखा: संकल्पना, तिचं कारण, मुलं कुठे चुकतील. तिसरा रकाना भरताना सर्वांत जास्त दमछाक होते. १/२ + १/३ = २/५ असं लिहिणारं मूल आळशी नसतं; पूर्ण संख्यांची सवय ते अंश-छेदांना लावत असतं. ‘अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं?’ हा प्रश्न त्या रकान्यात लिहून ठेवला असेल, तरच ऐन वेळी आठवतो. विषय येणं आणि विषय शिकवण्याजोगा येणं यांतला हा फरक अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये ठळकपणे मांडला.

प्रश्न : एका शाळेत आठवडाभर पाठनिरीक्षणाला बसायचं आहे. नेमकं काय पाहू?

उत्तर : एका तासाला एकच गोष्ट. सगळं टिपायला गेलात तर ‘छान शिकवलं’ याखेरीज वहीत काही उरत नाही. एका तासाला फक्त शिक्षकांचे प्रश्न मोजा, दुसऱ्या तासाला कोणत्या बाकावरून उत्तरं येतात त्याचा नकाशा काढा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, हेही घड्याळावर पाहा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात हा वेळ जेमतेम एक सेकंद निघाला होता; तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली. ऐकायला सोपं आहे, पण वर्गापुढे तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि नवखा शिक्षक स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मनात आकडे मोजायची सवय आत्ताच लावा. बसण्यापूर्वी शिक्षकांची परवानगी घ्या, आणि वहीत मुलांची नावं लिहू नका.

प्रश्न : पाठ टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, आधीपासून लिहायला शिकावं का?

उत्तर : नमुना संस्थेगणिक बदलतो, त्यामुळे तक्ते पाठ करू नका. उद्दिष्ट लिहिण्याचा सराव मात्र करा. ‘अपूर्णांकांची बेरीज समजेल’ हे तपासता येत नाही. ‘भिन्न छेदांच्या दोन अपूर्णांकांची बेरीज करेल आणि छेद समान का केला ते सांगेल’ हे तपासता येतं. पहिल्या टाचणांत हमखास दिसणारा दोष असा की शिक्षक काय बोलेल याने पान भरतं आणि त्या वेळी मुलं काय करतील याची ओळ कोरी राहते. चाळीस मिनिटांच्या तासाला तीस मिनिटांचाच मजकूर ठेवा. हजेरी, वह्या वाटणं आणि ‘सर, पेन नाही’ यात उरलेली दहा जातात. शेवटची चार मिनिटं उद्दिष्टावरच्या एका उदाहरणासाठी राखा, नाहीतर घंटा झाल्यावर कुणाला काय कळलं ते उमगत नाही.

प्रश्न : माझा आवाज लवकर बसतो.

उत्तर : फळ्याकडे तोंड करून बोलणं आधी बंद करा. लिहा, वळा, मग बोला. गोंगाटावर आवाज चढवण्याऐवजी हाताची ठरलेली खूण वापरा. पाणी जवळ ठेवा. घसा बसल्यावर कुजबुजत बोललात तरी त्यावर ताण पडू शकतो, तेव्हा त्या दिवशी बोलणंच कमी करा. दोन-तीन आठवडे घोगरेपणा टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, तेही अभ्यासक्रम सुरू होण्याआधी.