४.६ व्होल्टचा शिफ्ट: गणित बरोबर, पाणी गायब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीएनए ओळखणाऱ्या ट्रान्झिस्टर-सेन्सरचं सिम्युलेशन करताना, ५ नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइडच्या (ऑक्साइडच्या) थरावर दर १०० चौरस नॅनोमीटरला २० बेसच्या डीएनएचा एक धागा धरलात, त्याचा चार्ज 'फिक्स्ड चार्ज' (न बदलणारा चार्ज) म्हणून टाकलात, आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू होण्याचं व्होल्टेज, ४.६ व्होल्टनी सरकला. प्रयोग करणारे हसतात. मग आता क्वांटम करेक्शन घालू का?

नका घालू. ट्रान्झिस्टरची बाजू पुरेशी चांगली आहे, वास्तव सुटतंय ते ऑक्साइडच्या वर.

चार्ज भागिले ऑक्साइडची कपॅसिटन्स केली की ४.६ व्होल्टच येतात. पण वर मीठपाणी असतं. १५० मिलिमोलर मीठ असेल तर डिबाय लेंथ (चार्जचा परिणाम जेवढ्या अंतरापर्यंत जाणवतो ते अंतर) जेमतेम ०.८ नॅनोमीटर, म्हणजे आयन तो चार्ज तिथल्या तिथे झाकून टाकतात. तोच चार्ज ग्रॅहमच्या समीकरणात (मीठपाण्यातल्या पृष्ठभागाचा चार्ज आणि पोटेन्शियल जोडणाऱ्या सूत्रात) घाला, ३४ मिलिव्होल्ट मिळतील. बफर, म्हणजे हेच मीठपाणी, शंभरपट पातळ केलात तर साधारण १३६. (डिबायचं सरळ रेषेतलं सूत्र इथे ३५० दाखवेल, त्याच्या नादी लागू नका.) अँटिबॉडी वापरणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट, कारण ती स्वतःच १० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे तिने पकडलेल्या रेणूचा चार्ज डिबाय लेंथच्या बाहेरच राहतो.

हे ३४ देखील जास्तच आहेत. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला ५ च्या आसपास सिलॅनॉल (Si-OH) गट असतात, ते प्रोटॉन घेतात किंवा सोडतात. डीएनएचा ऋण चार्ज आला की तिथे प्रोटॉन ओढले जातात, काही गट आपला ऋण चार्ज सोडून देतात, आणि सिग्नलचा एक हिस्सा तिथेच जिरतो. म्हणून पृष्ठभागाचा चार्ज स्थिर आकडा ठेवू नका, तिथल्या पोटेन्शियलवर अवलंबून ठेवा. साइट-बाइंडिंग मॉडेल ते हेच.

तुमच्या सिम्युलेटरमध्ये द्रावण हे मटेरियलच नसेल तर जुनी युक्ती चालते: परमिटिव्हिटी (के-मूल्य) पाण्यासारखी ८० असलेला अर्धसंवाहक बनवा, होल म्हणजे धन आयन, इलेक्ट्रॉन म्हणजे ऋण आयन. दोन्ही दर घन सेंटिमीटरला ९ × १०^१९ येतील असे बँड गॅप आणि स्टेट डेन्सिटी बसवा. आकडेमोड बोल्ट्झमनचीच ठेवा, फर्मी-डिरॅक बंद. रिकॉम्बिनेशनही (इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना संपवतात ते) बंद. मी ते एकदा चालू ठेवलं होतं आणि सोडियम-क्लोराइड एकमेकांना खाऊन का संपतायत हे शोधण्यात आठवडा घालवला. वरच्या टोकाला रेफरन्स इलेक्ट्रोड (द्रावणाचं पोटेन्शियल ठरवून देणारा) हवाच. द्रावण अधांतरी सोडलं तर उत्तराला अर्थ राहत नाही. आणि पृष्ठभागाजवळ मेश (आकडेमोडीची जाळी) ०.१ नॅनोमीटरपर्यंत बारीक करा, नाहीतर डबल लेयर, म्हणजे पृष्ठभागालगतचा आयनांचा थर, दिसणारच नाही.

गेटखालच्या कॅव्हिटीत (पोकळीत) जैवरेणूंऐवजी एकसंध के-मूल्य भरून 'बायोसेन्सर' म्हणणारे पेपर ढिगाने आहेत. ते फार तर कोरड्या सेन्सरचं चित्र असतं.

वेळेचा मुद्दाही सोडू नका. पकडलेला रेणू पृष्ठभागावरून सुटण्याचा दर सेकंदाला ०.०००१ असेल आणि नमुना फारच पातळ असेल, तर समतोलाच्या जेमतेम दोन-तृतीयांशापर्यंत पोचायलाच तीनेक तास लागतात. समतोलाचा आकडा दहा मिनिटांच्या प्रयोगाशी ताडून पाहू नका. नॉइझ आणि ड्रिफ्ट नंतर.

जैवरेणू घालण्याआधी नुसता पीएच बदलून बघा. २५ अंशांना दर पीएचला ५९.२ मिलिव्होल्टच्या वर उत्तर आलं, तर डीएनएला हात लावू नका, आधी तो बग शोधा. डबल-गेट रचना (ट्रान्झिस्टरला वर-खाली दोन गेट) असेल तर मात्र कपॅसिटन्सच्या गुणोत्तरामुळे जास्त येऊ शकतं, तो बग नव्हे.