गुडनाइट हे गावाचं नाव कसं पडलं?

प्रश्न : ताई, मुलीकडे टेक्सासला गेलो होतो. फोर्ट वर्थहून अमरिलोला जाताना २८७ नंबरच्या हायवेवर ‘गुडनाइट’ अशी पाटी दिसली. गाव म्हणावं तर चार घरंही धड दिसेनात. हे नाव कसं पडलं? तिथं कधी वस्ती होती का?
– एक वाचक, विटा

उत्तर : काका, ते आडनाव आहे. चार्ल्स गुडनाइट हा गुरांचा मोठा मालक, तिकडच्या भाषेत रँचर. १८६६ साली ऑलिव्हर लव्हिंगच्या जोडीनं त्यानं टेक्सासमधून न्यू मेक्सिकोपर्यंत गुरं हाकत नेली. ती वाट आजही दोघांच्या नावानं ओळखतात. १८७६ मध्ये तो गुरं घेऊन पॅलो ड्यूरोच्या खोल दरीत उतरला. ही दरी मोकळीच पडली होती असं मात्र समजू नका. दोनच वर्षांपूर्वी लष्करानं तिथल्या कोमँची, कायोवा लोकांच्या छावण्यांवर हल्ला करून त्यांचे हजारावर घोडे मारले होते. घोडे गेले आणि त्या लोकांचा तगच संपला. गावाची गोष्ट सांगताना हे गाळणं मला पटत नाही.

जॉन अडेअर या आयरिश धनिकाच्या पैशावर दरीत जेए रँच उभं राहिलं. १८८७ मध्ये रेल्वे आली. गुडनाइटनं भागीदारी सोडली, रुळांपासून जवळच दुमजली घर बांधलं आणि त्याच्या आसऱ्यानं गाव वसलं. १८९८ मध्ये नवरा-बायकोनं तिथं कॉलेजही काढलं. पुढं ते बंद पडलं आणि गावही ओसरत गेलं.

मला खरी ओढ आहे ती त्याच्या बायकोची, मेरीची. दरीत मैलोन्‌मैल शेजार नव्हता. एका गुराख्यानं तिला पोत्यात घालून तीन कोंबड्या आणून दिल्या. त्या तिनं कापल्या नाहीत, बोलायला सोबत म्हणून पाळल्या! कातड्यासाठी शिकारी तेव्हा बायसनच्या कळपांवर तुटून पडले होते. आई मारलेली वासरं माळावर हंबरत राहायची. १८७८ च्या सुमारास मेरीनं ती घरी आणवून हातावर वाढवली. माझं माहेर माणदेशातलं. आई मेलेलं रेडकू दुसऱ्या म्हशीला लावताना माझी आजी अर्धी रात्र गोठ्यात बसायची. म्हणून मेरीनं काय केलं, ते मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. (आपल्या दाजीपूरच्या गव्यालाही बायसन म्हणतात, पण हा प्राणी वेगळा. याच्या डोक्या-खांद्यावर दाट लोकर असते.)

त्या वासरांचा पुढं दोनशेच्या वर कळप झाला. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. १९२६ मध्ये मेरी गेली, १९२९ मध्ये चार्ल्स. दोघं गावच्याच कब्रस्तानात आहेत. मी गेले तेव्हा कठड्याला येणाऱ्यांनी बांधलेले रुमाल होते, उन्हानं विटून तांबड्याचे गुलाबी झालेले. गुराखी गळ्यात बांधतात तसले.

काका, पुढच्या खेपेला तिथं थांबाच. त्यांचं घर आता बघायला खुलं आहे. वेळ असेल तर कॅप्रॉक कॅनियन्सलाही जा. जेए रँचनं १९९७ मध्ये कळप सरकारला दिला, तो आता त्या उद्यानात मोकळा चरतो. मेरीच्या वासरांचाच वंश आहे तो.