झाकण मिटलं आणि पन्नास तास हरवले

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यात आमची कांदाचाळ आहे. चाळीतलं तापमान आणि दमटपणा मोजायला सेन्सर लावून तो जुन्या लॅपटॉपला जोडलाय. त्यात उबंटू आहे. भाच्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम करून दिला. तो दर दहा मिनिटांनी तारीख-वेळेसकट नोंद घेतो आणि कांदा भरल्याला किती तास झाले तेही लिहितो. पाच दिवसांनी बघितलं तर स्क्रीनवरचं घड्याळ बरोबर, पण तास 120 ऐवजी 70! रात्री आठला झाकण मिटतो, सकाळी सहाला उघडतो, एवढंच. दुकानदार म्हणाला सेल गेलाय. नवा टाकला, तरी तेच.

उत्तर : दादा, सेलचा दोष नाही. आतला बटणासारखा सेल गेला तर तारीखच मागे जाते, आणि तीसुद्धा मोठी बॅटरी पार उतरली किंवा काढली की. लॅपटॉप नुसता झोपलेला असताना घड्याळाला मोठी बॅटरीच पोसत असते. सेलचे पैसे वाया गेले याचं मला वाईट वाटतं.

दहा तास गुणिले पाच रात्री, बरोबर पन्नास. तुमचे हरवलेले तास झाकणाखाली आहेत.

प्रोसेसरमध्ये एक मोजणी सतत चालू असते, सेकंदाला कोट्यवधी ठोके. यंत्र गाढ झोपलं की ती थांबते. जागं राहतं ते मदरबोर्डवरचं छोटं घड्याळ. त्यातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलात की नेमका 1 उरतो, म्हणजे एक सेकंद. झोपण्याआधी लिनक्स, म्हणजे तुमच्या उबंटूचा गाभा, या घड्याळात बघून ठेवतं, जागं झाल्यावर पुन्हा बघतं आणि मधला वेळ आपल्या घड्याळात मिळवतं. म्हणून तुम्हाला स्क्रीनवर वेळ बरोबर दिसते.

हा स्फटिक 25 अंशांच्या आसपास सर्वांत नेमका चालतो. त्याहून गरम झालं तरी मंदावतो आणि गार झालं तरी मंदावतोच. मे महिन्यात पत्र्याखाली 45 अंश असोत, नाहीतर थंडीत निफाडचा पारा 5 वर आलेला असो, दिवसाला साधारण सेकंदभर मागे पडणार. इंटरनेट मिळालं की एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय, तेवढं भरून काढतं. तुमचे पन्नास तास हे वेगळं प्रकरण आहे.

‘आत्ता किती वाजले’ आणि ‘किती वेळ गेला’ यासाठी लिनक्सकडे वेगवेगळी घड्याळं आहेत. वेळ गेल्याचं मोजणारं मोनोटॉनिक कधी मागे जात नाही, म्हणून प्रोग्राम लिहिणारे तेच घेतात. पण झोपेतला काळ ते धरत नाही. बूटटाइम नावाचं दुसरं घड्याळ धरतं. परवा मी दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी छापून रात्री दहाला लॅपटॉप मिटला. सकाळी सहाला उघडल्यावर बूटटाइम आठ तास पुढे होतं, मोनोटॉनिक काही सेकंदच. भाच्याने मोनोटॉनिक वापरलंय, यात मला शंका नाही. त्याला रागावू नका. जाणती माणसंही इथे फसतात.

मग मोनोटॉनिकलाच झोप मोजायला का लावत नाहीत? 2018 मध्ये लिनक्सच्या 4.17 आवृत्तीच्या तयारीत तसं करून पाहिलं होतं. लॅपटॉप जागा होताच सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्समध्ये बाकीचे प्रोग्राम सुरू करून त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामला, वाटायचं, हे प्रोग्राम कितीतरी वेळ गप्प आहेत, म्हणजे अडकलेत. आणि ते चांगले चालते प्रोग्राम बंद करायचं. आवृत्ती बाहेर पडण्याआधीच बदल मागे घेतला. मला तो निर्णय पटतो. प्रोग्राम अडकलाय का हे बघताना झोप धरायची नसते, कांद्याचं वय मोजताना धरायची असते.

भाच्याला सांगा, टाइम डॉट मोनोटॉनिकच्या जागी टाइम डॉट क्लॉक-गेटटाइम घे आणि त्याला क्लॉक बूटटाइम दे. पायथन 3.7 पासून ते आहे. मात्र बूटटाइम लॅपटॉप चालू केल्यापासून मोजतं. रीस्टार्ट झाला की पुन्हा शून्यावर. चाळीत कांदा चार-पाच महिने राहतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. त्यामुळे तुमच्यासाठी सगळ्यांत सरळ म्हणजे कांदा भरल्याची तारीख-वेळ फाइलीत लिहून ठेवायची आणि दर वेळी आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची. जुने तासही असेच दुरुस्त होतील, प्रत्येक नोंदीपुढे तारीख-वेळ आहेच.

पण रात्रीच्या नोंदी मात्र कुठूनच परत येणार नाहीत, कारण झोपलेला लॅपटॉप सेन्सरकडे बघतच नाही. पहाटे चाळीत दमटपणा चढतो, नेमक्या त्याच नोंदी तुमच्याकडे नाहीत. सिस्टिमडीच्या लॉगिनडी डॉट कॉन्फ फाइलीत ‘हँडल लिड स्विच’समोर ‘इग्नोर’ लिहा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग झाकण मिटलं तरी तो जागा राहील. रात्रभर चार्जर लावून ठेवा, आणि लॅपटॉप कांद्याच्या ढिगावर नको, बाहेर फळीवर ठेवा.