आधी विचारा, खातं कुणाचं?

ताई, तुमची मुलगी तिसरीत आहे. पाढे आणि कोडी घ्यायला बाईंनी वर्गात बोलणारा स्पीकर ठेवला. मधल्या सुट्टीत मुलीने त्याला विचारलं, ‘माझे बाबा परत कधी येणार?’ आणि बाईंनी पालकसभेत, काळजीपोटीच, ते वाक्य तुम्हाला स्वतःच्या मोबाइलवर ऐकवलं. शाळेवर केस करता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

केसचं नंतर बघू. बाईंच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग आलं, म्हणजे स्पीकर बहुधा त्यांच्या खासगी खात्याला जोडलाय. तसं असेल तर स्पीकरशी बोलणाऱ्या मुलांचे आवाज त्यांच्या ॲपमध्ये आणि कंपनीच्या सर्व्हरवर साठताहेत. बाईंचा हेतू चांगला असला तरी हे चुकलंच.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. दंड २०० कोटींपर्यंत. पण नोटिशीत हा आकडा घालून शाळेला घाबरवू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हे कलम त्यानंतर १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू व्हायचं आहे. दंडही सरकारजमा होतो, पालकांना मिळत नाही. शिवाय शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवायला शाळांना सूट आहे. सुट्टीत मुलीने मनातलं विचारलं, ते मात्र त्या सवलतीत बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आज मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि पोच घ्या. स्पीकर कुणाच्या खात्यावर आहे, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, ते कोण ऐकू शकतं, हे विचारा. मुलीचं रेकॉर्डिंग पुसून तसं लेखी कळवायला सांगा, आणि त्याचा मजकुरात झालेला उताराही पुसायला सांगा. ॲलेक्साबाबत अमेरिकेत ॲमेझॉनवर हाच एक आरोप होता, की पालकांनी सांगूनही मुलांच्या बोलण्याचे उतारे सगळीकडून पुसले नाहीत. २०२३ मध्ये २.५ कोटी डॉलर भरायचं कबूल करून कंपनीने ते प्रकरण मिटवलं. तास संपला की स्पीकरचा प्लग काढून ठेवावा, हेही पत्रात लिहा.

एक जपा. पतीबरोबर कोर्टात प्रकरण सुरू असेल, तर पुसायला सांगण्याआधी तुमच्या वकिलांशी बोला. पुरावा नष्ट केल्याचा आरोप अंगावर यायला नको.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर विषय पालक-शिक्षक संघात मांडा. आपल्या मुलांचे आवाज कुठे साठताहेत, हे बाकीच्या पालकांना बहुधा कुणी सांगितलेलंच नाही.