‘वाटलंच पाहिजे’मधला ‘च’

“मॅडम, तसं बघायला गेलं तर काहीच कमी नाही. पण...”

समुपदेशक म्हणून हा ‘पण’ मी इतक्यांदा ऐकला आहे की समोरच्याने श्वास घेतला की तो आता येणार, हे कळतं. माणसं निरनिराळी असतात. नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, बाळंतपणातून उठलेली मुलगी, मोठ्या आजारातून बरा झालेला तरुण. प्रश्न एकच. घर आहे, जिवाभावाची माणसं आहेत, हातीपायी धड आहोत. मग आतून आनंद का होत नाही? मी कृतघ्न आहे का? आणि बरेच जण आवाज खाली आणून पुढचंही विचारतात: सुखाची किंमत नाही म्हणून देव ते काढून तर घेणार नाही ना?

याचं उत्तर मी अनेकांना दिलं आहे. पण मला स्वतःला ते नीट उमगलं एका लेखिकाबाईंमुळे. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती हकिकत सांगते.

वय चाळिशीच्या पुढे. घरात नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासरे. दर आठवड्याला एका नियतकालिकात त्यांचं सदर असे, रोजच्या घरगुती जगण्यातल्या लहानसहान आनंदांविषयी. खिडकीतून आत येणारं ऊन, मुलीचा पडलेला दात, सासऱ्यांनी जपून ठेवलेली जुनी पत्रं. वाचक कळवायचे, तुमचं वाचलं की घरातल्या माणसांकडे पुन्हा एकदा बघावंसं वाटतं. आणि या बाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या, “मी लबाड आहे. मला यातलं काहीसुद्धा वाटत नाही.”

अशा वेळी मी आधी काही रुक्ष प्रश्न विचारते. झोप लागते का? भूक कशी आहे? कशातच मन लागत नाही असं किती दिवस चाललंय? तुम्हालाही असंच वाटत असेल तर हे प्रश्न आधी स्वतःला विचारा. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो कृतज्ञतेचा प्रश्न नसून नैराश्याचा असू शकतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जगणंच नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. नैराश्यातल्या माणसाला ‘किती मिळालंय ते बघ’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचे फायदे सांगणं.

लेखिकाबाईंचं तसं नव्हतं. हसत होत्या, चिडत होत्या, जुन्या मैत्रिणीशी फोनवर तासभर बोलत होत्या. मग मी म्हटलं, “दाताची गोष्ट सांगा.”

“मुलगी ओंजळीत दात घेऊन धावत आली. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझ्या डोक्यात लेखाचं पहिलं वाक्य तयार झालं होतं. ती बोलत होती आणि मी विशेषण शोधत होते.”

“मग?”

“मग ती म्हणाली, आई, ऐकतेयस ना? ते मी लेखात नाही घातलं.”

जे लेखात नाही घातलं, तिथेच आमचं काम होतं. आज हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण थोडाबहुत या बाईंसारखाच आहे. क्षण घडत असतो आणि आपण तो दाखवायच्या तयारीत असतो. मी त्यांना एवढाच नियम घालून दिला: आज घडलेलं आठवडाभर लिहायचं नाही. “विसरून जाईन हो!” त्या म्हणाल्या. बरंच विसरल्याही. जे उरलं ते, त्यांच्याच मते, आधीपेक्षा चांगलं होतं.

खरी गाठ मात्र वेगळीच होती. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या एका वहीत कृतज्ञता वाटाव्या अशा पाच गोष्टी लिहीत, मग प्रार्थना करत. दोन वर्षं एकही दिवस खाडा नाही. “काल मी ‘पंखा’ लिहिलं, मॅडम. पाचवं काही सुचेना म्हणून वर बघितलं.”

आम्ही दोघीही हसलो. पण हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

या वह्यांचं हल्ली पेव फुटलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्या मुळात थोतांड नाहीत. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, ज्यांबद्दल आभारी वाटलं अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटू लागलं. पण हे लिहिणं आठवड्यातून एकदा होतं, रोज रात्री नव्हे. पुढे मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात असं आढळलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. नेम झाला की हात लिहितो आणि मन कपडे वाळत घालायला जातं. वह्या विकणारे हा दुसरा प्रयोग सहसा सांगत नाहीत.

“मग एखाद्या रात्री न लिहिता झोपून बघा,” मी सुचवलं.

“नाही चालणार.”

“काय होईल?”

“देवानं इतकं दिलंय. मला कृतज्ञ वाटलंच पाहिजे.”

मी कोरा कागद पुढे सरकवला. “हे वाक्य लिहा.” त्यांनी लिहिलं. “आता असं समजा, एखाद्या नवशिक्याने हे तुमच्याकडे तपासायला आणलंय. काय काढाल?”

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. माझा अनुभव असा की अशा शांततेत समुपदेशकाने तोंड उघडलं तर सगळं फुकट जातं. मी गप्प बसले. (तरुणपणी मला हे जमत नसे.) शेवटी त्यांनी पेन्सिल उचलून ‘च’भोवती गोल काढला. “हा उगाच आहे.”

“काढून वाचा.”

“मला कृतज्ञ वाटलं पाहिजे.” त्यांनी मान हलवली. “अजून कुणीतरी छडी घेऊन उभं आहे.” मग ‘पाहिजे’ खोडलं. “मला कृतज्ञ वाटलं.” हसल्या. “पण हे तर खोटंच आहे.” पेन्सिल कागदावर नुसती टेकवून पुन्हा थांबल्या, आणि मग सावकाश लिहिलं: ‘मला कृतज्ञ वाटलं तर बरं.’

तीनदा वाचलं त्यांनी ते. तिसऱ्यांदा वाचताना खांदे खाली आले. इतके दिवस त्या खांदे उचलून बसत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

माझी वैचारिक बैठक विवेकनिष्ठ मानसोपचाराची आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला ही पद्धत मांडली. माणूस इच्छेचा हट्ट करून बसतो आणि त्या हट्टापायी स्वतःला छळतो, हे ते जन्मभर सांगत राहिले. इंग्रजीत त्यांना त्यासाठी ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागला. मराठीत एका अक्षरात काम होतं. एलिसना मराठी येत असतं तर ते या ‘च’वर खूश झाले असते, असं मला उगाच वाटतं.

पुढच्या खेपेला बाई एक नवीनच गोष्ट घेऊन आल्या. “शब्दकोश काढून बसले होते. कृतज्ञ म्हणजे कृत अधिक ज्ञ. केलेलं जाणणारा. यात ‘वाटणं’ कुठेच नाही हो!”

इतकी वर्षं हा शब्द दिवसातून दहादा वापरूनही माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. आता मी ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि कुणाकडून शिकले तेही. भावनेला हुकूम सोडता येत नाही. झोप यायलाच हवी म्हटलं की ती जशी पळून जाते, तसंच हे. जाणणं मात्र आपल्या हातात असतं. कुणी केलं, नेमकं काय केलं, त्याला त्यासाठी काय मोजावं लागलं, एवढं बघायचं. मग ऊर भरून आला तर आला. नाही आला तरी तुम्ही कृतघ्न ठरत नाही. कृतघ्न म्हणजे केलेल्याचा घात करणारा. नुसतं काही न वाटणारा नव्हे.

“यजमान तुमच्यासाठी काय करतात?” मी विचारलं.

“रात्री दाराची कडी बघतात. मी विसरते ना. त्यावर एक लेखही झालाय.”

“नेमकं काय करतात?”

“अंथरुणातून उठतात, जाऊन बघून येतात.” मग जरा थांबून, “गुडघा दुखतो त्यांचा. तरी उठतात.”

“हे तुम्ही त्यांना कधी म्हणालात?”

“लेखात लिहिलंय की.”

“ते वाचतात तुमचे लेख?”

“...नाही.”

त्या रात्री त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, तुम्ही उठता ते कळतं मला. नवरा म्हणाला, झोप आता. हा प्रसंग सांगताना त्या तक्रारीच्या सुरात सांगत होत्या आणि कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

राहिला तो देव. बाई मनापासून श्रद्धाळू, आणि मी त्यात ढवळाढवळ करत नाही. “तुम्ही मानता का देव?” असं त्यांनी एकदा सरळ विचारलं. मी म्हटलं, “माझ्या श्रद्धेचा तुम्हाला काय उपयोग? तुमची आहे तिच्याविषयी बोलू.” एलिस स्वतः नास्तिक होते, पण श्रद्धा सोडायला लावणं हे या पद्धतीचं काम नाही. श्रद्धेत हट्ट कुठे शिरलाय, तेवढं शोधायचं.

“नाही मानले आभार एखाद्या रात्री, तर काय होईल?”

“काहीतरी होईल. मुलीला, ह्यांना.”

“म्हणजे हप्ता चुकला की जप्ती.”

त्या दचकल्या. मी पुढे विचारलं, “तुमचा देव सावकार आहे का?”

“छे! माझा देव तसा नाही.” मग बऱ्याच वेळाने, “सावकार मीच आणून बसवलाय तिथे.”

हा सावकार पुष्कळांच्या देवघरात बसलेला असतो, आणि बहुतेकदा तो लहानपणीच आलेला असतो. ‘ज्यांना मिळत नाही त्यांच्याकडे बघ जरा’ हे वाक्य आपण मुलांना सहज ऐकवतो. त्यातून मूल कृतज्ञता शिकत नाही, ओझं शिकतं. मिळालेल्या प्रत्येक गोष्टीपुढे कर्जाचा आकडा मांडायला शिकतं, आणि मोठेपणी स्वतःच्या थकव्यालाही तेच वाक्य ऐकवतं. बाईंच्या सदरात जुनी पत्रं जपणारे सासरे होते. दर दहा मिनिटांनी “आज काय लिहिलंस?” विचारणारे, आणि उत्तर विसरून पुन्हा विचारणारे सासरे त्यात नव्हते. त्यांची चीड आली की लगेच दुसरं मन म्हणे, ज्यांच्या डोक्यावर वडीलधारं माणूस नाही त्यांना जाऊन विचार. मग चीडही नाही आणि मायाही नाही, नुसतं बधिरपण. एक भावना दाबली की शेजारचीही दबते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. म्हणून आभार सुचत नसतील तेव्हा मी आधी तक्रारींची चौकशी करते.

“पंधरा दिवस प्रार्थनेत आधी कुरकुर करायची,” मी सांगितलं.

“देवाकडे?”

“संतांनी त्याला भरपूर फैलावर घेतलेलं आहे. त्याला सवय असेल.”

“आणि आभार?”

“आले तर.”

पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, “पहिल्या रात्री तक्रारी संपायला वीस मिनिटं लागली. मला वाटलं, बाई गं, इतकं साठलं होतं? मग रोज थोडं कमी. परवा तर दोन मिनिटांत संपलं आणि मी तशीच बसून राहिले. काही मागायचं नव्हतं, काही फेडायचं नव्हतं. पलीकडच्या खोलीत मुलगी झोपेत बडबडत होती, ते ऐकत बसले.”

“त्यावर लेख?”

“मॅडम, आठवडा नाही झालाय अजून.”

एकंदर नऊ वेळा आल्या त्या. पाचांची वही बंद झाली. आठवड्यातून एकदा, मनात आलं तर, एखादी गोष्ट लिहितात, पण ती कुणी केली आणि त्याला काय मोजावं लागलं, यासकट. सासऱ्यांबाबत नवऱ्याशी बोलून संध्याकाळचा एक तास त्यांनी स्वतःसाठी मागून घेतला. खरं सांगायचं तर माझ्या कुठल्याही प्रश्नापेक्षा त्या तासाचा उपयोग अधिक झाला असेल. चिडचिड पुष्कळदा अध्यात्माने कमी होत नाही, विश्रांतीने होते.

शेवटच्या भेटीत मी सासऱ्यांचं विचारलं.

“विचारतात अजून, आज काय लिहिलंस. मी म्हणते, बाबा, आत्ताच सांगितलं ना. ते म्हणतात, पुन्हा सांग. मग सांगते.” पर्स उचलता उचलता त्या थांबल्या. “चिडचिड होतेच हो. आता तुम्ही म्हणाल, ‘होतेच’मधला ‘च’...”

“तो राहू द्या,” मी म्हटलं. “तो खरा आहे.”