जुन्या गाडीचं रेक्झिन चिकटवताना

डोअर पॅनलचं सुटलेलं रेक्झिन हाताशी असलेल्या फेव्हिक्विकने चिकटवू नका. तो वाळून काचेसारखा कडक होतो. रेक्झिन वाकलं की जोड तडकतो आणि वर पांढरे डाग उरतात ते वेगळेच.

खरी अडचण रेक्झिनमध्येच आहे. त्याचं व्हिनाइल, म्हणजे वरचं प्लास्टिक, मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि साधा निओप्रीनचा (कृत्रिम रबराचा) कॉन्टॅक्ट गम, म्हणजे दोन्ही बाजूंना लावून दाबायचा गम, मऊ पाडतो. माझ्या पहिल्या गाडीच्या छताचं अस्तर असंच एका उन्हाळ्यात लोंबलं. बोट लावलं तर गमच्या तारा निघत होत्या! म्हणून डब्यावर 'प्लास्टिसायझरला टिकणारा' आणि 'उष्णतेला टिकणारा' हे दोन्ही लिहिलेलं बघूनच घ्या. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्याही वर तापतो.

जुना गम पूर्ण खरवडा. नवा दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि थांबा. बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबा. ओला असताना दाबलात तर सॉल्व्हंट (गममधला उडून जाणारा द्रव) आत अडकून फुगे येतात. खाली फोम असेल तर आधी कोपऱ्यात लावून पाहा, काही गम फोम विरघळवतात. दारं मात्र उघडी ठेवा, वाफ डोक्यात जाते.